मशीनला कसला अनध्याय

नाशिकहून यज्ञेशचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि काशीच्या ब्रह्मा घाटावर, शहाण्या माणसाने गुपचूप पडून राहावे, असे ज्येष्ठातले ऊन होते. शरदिनी पडली नव्हती. कॉलेजला सुट्टी लागल्यापासून ती दुपारभर आपल्या खोलीत कॉम्प्युटरच्या मशीनसमोर बसायची, आणि मशीनची नि बाहेरची ऊब मिळून त्या खोलीची भट्टी व्हायची.

यज्ञेश म्हणजे तिच्या वडिलांचा, वासुदेवशास्त्रींचा शिष्य. बारा वर्षे याच घरात राहून वेद शिकला, आता नाशिकजवळ स्वतःची पाठशाळा चालवत होता. अतिशय सरळ मुलगा. दुपारी कुणाची झोपमोड करणारा नव्हे.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"त्रेसष्टाव्या फाइलीत गुरुजींनी सात पदं म्हटलेली नाहीत. माझ्या पाठात ती आहेत. माझंच चुकत असेल म्हणा. पण हा काही वेगळा पाठ आहे का? मला शिकवताना सांगायचा राहिला असेल का?"

शरदिनी खुर्चीत पुढे सरकली.

"तू कधी ऐकलंस?"

"काल. दहा दिवस मी अनुष्ठानाला बाहेर होतो, मुलं स्पीकरवरूनच संथा घेत होती. बारा जणांना पाठ झालंय, ताई. सात पदं सोडून. मी टोकलं तर म्हणतात, मोठ्या गुरुजींनी असंच म्हटलंय. आता त्यांच्या तोंडून आलेलं चूक आहे असं मी कसं म्हणू? म्हणून म्हटलं आधी विचारावं."

"मी बघते," ती म्हणाली. "बाबांना काही कळवू नकोस. मी बघते."

फोन ठेवला तेव्हा तिचे हात गार पडले होते. त्रेचाळीस डिग्रीत.

बाबा पद गाळणाऱ्यातले नव्हते. साठ वर्षे त्यांनी संहिता म्हटली, तापात म्हटली, बायको गेली त्या वर्षीही म्हटली. एक मात्रा कधी इकडची तिकडे झाली नाही. गाळले असेल तर ते दुसऱ्याच कुणीतरी. आणि त्या चौऱ्याऐंशी फाइलींना शरदिनीखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता.

त्या फाइली म्हणजे बाबांचा आवाज होता, आणि आता तो दुसरीकडे कुठेही नव्हता. पौषात त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले, स्वरयंत्र काढून टाकावे लागले. जन्मभराच्या सुरतीने, त्या तंबाखूने, आपला हिशेब चुकता केला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी चाळीस दिवसांची मुदत दिली होती. त्या चाळीस दिवसांत बाबांनी रोज दोन-तीन बैठका मारून, दुखऱ्या गळ्याने, सबंध संहिता रेकॉर्डरपुढे म्हटली. ती यज्ञेशच्या मुलांसाठी, असे ते म्हणत. शरदिनीला खरे विचाराल तर वेद दुसऱ्या नंबरवर होता. तिला बाबांचा आवाज हवा होता.

शेवटच्या दिवशी शेवटचे अक्षर म्हणून झाल्यावर ते साध्या आवाजात म्हणाले होते, "झालं, शरू. बंद कर ते. चहा टाक." रेकॉर्डर चालूच होता. ते वाक्य तिने मुद्दाम ठेवले होते. चौऱ्याऐंशीव्या फाइलीच्या शेवटी.

तिने हेडफोन कानाला लावले, आणि लावताना तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. अष्टमी. म्हणजे अनध्याय. महिन्यातल्या काही तिथी अशा असतात, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या, प्रतिपदा, की त्या दिवशी वेद म्हणायचा नाही, शिकायचा नाही, या घरात ऐकायचाही नाही. शरदिनीने चौतीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. आज चोरासारखा मोडला. पलीकडच्या खोलीत बाबा झोपले होते. गळ्याला केलेल्या भोकातून त्यांचा श्वास सूं सूं करत येत होता, तो हेडफोनमधूनही ऐकू येत होता.

बाबांचा आवाज सुरू झाला, तसाच भरीव. यज्ञेशने सांगितलेल्या जागी आला आणि पुढे निघून गेला. खरखर नाही, खट्ट नाही, जोड नाही. जणू ती सात पदे कधी नव्हतीच.

तिने पुन्हा लावले. पुन्हा तेच. तिच्याच तोंडात ती सात पदे आपोआप आली आणि बाबांचा आवाज त्यांना ओलांडून पुढे गेला.

कसे झाले हे तिला कळायला फार वेळ लागला नाही. कळू नये असे मात्र फार वाटत होते.

मूळ ध्वनिमुद्रणात बाबांच्या आवाजामागे सगळी काशी होती: घाटावरच्या घंटा, माकडांचे भांडण, बजड्यांची, म्हणजे मोठ्या होड्यांची, इंजिने. ते सगळे धुऊन काढायचे काम शरदिनीने घेतले. त्यासाठी कॉम्प्युटर बनवणाऱ्या रामनगरच्या ऋतुराजकडून नवे मशीन जोडून घेतले. ऋतुराजच्या चार पिढ्या काशीतल्या. मराठी बोलतो पण निम्मी हिंदीच. मेमरी त्याने नव्या पिढीची घातली, डीडीआर-फाइव्ह, खोक्यावर वेग लिहिलेला सहा हजार. देताना बजावले, "दीदी, इसको छेडना मत. जे लिहिलंय त्यावरच चालू द्या."

छेडू नका म्हटले की छेडणारी माणसे असतात, त्यातली शरदिनी. कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवायची, मग डब्यावरच्या आकड्याला काय भ्यायचे! मेमरीतला एकेक आकडा म्हणजे विजेचा एवढासा थेंब, आणि तो सारखा झिरपून जातो, म्हणून मशीनला सगळे थेंब पुन्हा पुन्हा भरावे लागतात. बाबांच्या शिष्यांना जशी रोजची आवृत्ती, तसेच. आवृत्तीला वेळ लागतो. शरदिनीने वेग सात हजारांच्या वर नेला आणि दोन आवृत्त्यांमधले अंतर ताणून ठेवले. माघातल्या थंडीत सोळा तास चाचणी घेतली. एकही चूक नाही. तिने ऋतुराजला फोटो पाठवून खिजवलेसुद्धा.

त्यातून वाचली किती, तर तासाभराच्या फाइलीमागे अकरा मिनिटे.

बरे, धुतलेली प्रत बिघडली तर मूळ तरी असायला हवे होते. ते नव्हते. वैदिकांच्या घरात एक रीत असते. पोथी जुनी झाली की नवी उतरवायची, नवी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहायची, आणि मग जुनी गंगेत सोडायची. घरात दोन पोथ्या राहिल्या तर पुढच्या पिढीला दोन पाठ होतात. शरदिनीने तेच केले. फाइल धुतली की संध्याकाळी बाबांपुढे लावायची. बाबांच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. आवाज चढला की हात वर, उतरला की खाली. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांचा उजवा हात आवाजाबरोबर फिरत राहायचा. शेवटपर्यंत हात अडला नाही की फाइल शुद्ध. मग शरदिनी मूळ फाइल पुसून टाकायची. तिने त्या पुसण्याच्या कळीला नावही दिले होते, गंगार्पण.

फक्त अनध्यायाच्या दिवशी बाबा ऐकत नसत. "आज मशीन बंद ठेव," असे त्यांनी फाल्गुनात पाटीवर लिहून दाखवले होते. आवाज गेल्यापासून पाटी-पेन्सिल हीच त्यांची वाणी होती. शरदिनी हसली होती. "मशीनला कसला अनध्याय, बाबा? ते थोडंच म्हणतं? ते फक्त धुतं." बाबांनी खांदे उडवले. ठरले असे की त्या दिवशी धुतलेली फाइल दुसऱ्या दिवशी ऐकायची. पण दुसऱ्या दिवसाला स्वतःची फाइल असायची, यज्ञेश तिकडून घाई करत होता, आणि बाबांचा हात कधी अडतच नव्हता. चैत्रापासून तिने अनध्यायाच्या फाइली न ऐकवताच गंगार्पण करायला सुरुवात केली. बाबांनी विचारले नाही. तिने सांगितले नाही.

वैशाखात एकदा, अगदी साध्या दिवशी, बाबांचा हात अडला होता. एक पद अर्धे गिळले गेले होते. शरदिनीने मूळ फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धुतली, स्वच्छ निघाली. "वीज गेली असेल मध्येच," ती म्हणाली होती. काशीत विजेवर काहीही ढकलता येते.

आता ते तिला आठवले. सकाळी स्वच्छ. दुपारी नाही.

तिने ऋतुराजला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "दीदी, मेमरीचं टेम्परेचर किती दाखवतंय?"

"अडुसष्ट."

"अरे राम. गर्मीत ते चार्ज जल्दी झिरपतं, आणि तुम्ही तर रिफ्रेशच लांबवलंय. थंडीत घेतलेली टेस्ट जाड्यापुरतीच. वरतून या नव्या मेमरीत एक भानगड आहे. ती छोटी-मोटी चूक आतल्या आत सुधारते, कुणाला सांगत नाही. तुम्हाला वाटतं सब चंगा. तुम्हाला चूक दिसेपर्यंत ते तिच्या सुधारण्याच्या बाहेर गेलेलं असतं."

"तिथून पुढे आवाजाचं काय होतं?"

"तुमचा प्रोग्राम आवाजाचे तुकडे करतो, नंबर लावतो, धुतो, परत जोडतो. एक नंबर पलटला तर चार-पाच तुकडे गेले. वो खाली जगह को शांतता समजून कापून टाकेल. जोड भी नहीं दिखेगा. ओरिजिनल है ना, दीदी?"

शरदिनीने फोन ठेवून दिला.

तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केले, चाचणी लावायला. पडदा काळाच राहिला. ही नवी मेमरी चालू होताना आधी स्वतःला जुळवून घेते, त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात, हे ती पोरांना शिकवायची. आज तीन मिनिटे झाली, चार झाली. पंखे फिरत होते आणि पडदा काळा. तिला वाटले, संपले, उरलेलेही गेले. ती काळ्या काचेत स्वतःचा चेहरा बघत उभी राहिली आणि आयुष्यात कधी केला नव्हता असा नवस तिने त्या चार मिनिटांत काळभैरवाला केला. पडदा उजळला. चाचणी सुरू केली आणि नवव्या मिनिटाला तांबड्या ओळी उमटू लागल्या. एक, सहा, चाळीस. तिने चाचणी थांबवली, वेग डब्यावरच्या आकड्याला आणून ठेवला, आणि वही काढली.

वहीत तिने रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक बैठकीची लांबी लिहून ठेवली होती, मिनिटे आणि सेकंद. ऊन तापल्यापासून अनध्यायाला धुतलेल्या फाइली अकरा निघाल्या. एकेक लांबी ती वहीशी ताडून पाहू लागली. बरोबर. बरोबर. त्रेसष्ट, सात सेकंद कमी. बरोबर. सदुसष्ट, चार कमी. बोट पुढच्या ओळीवर न्यायला धजत नव्हते. बहात्तर, नऊ कमी. आणि लांबी बरोबर असूनही आत एखादे अक्षर पालटले असेल तर? तो विचार तिने दारातूनच परतवला; तेवढी छाती तिच्यात नव्हती.

शेवटची ओळ. चौऱ्याऐंशी. अमावास्येला धुतलेली.

पाच सेकंद कमी.

झालं, शरू. बंद कर ते. चहा टाक. पाच सेकंदांत बसते हे सगळे. ती फाइलीचा शेवट लावून बघू शकत होती. तिने नाही लावला. लावला नाही तोवर ते पाच सेकंद मधल्या एखाद्या विरामातलेही असू शकत होते.

तेवढ्यात तिच्या ध्यानात आले की सूं सूं जवळ आली आहे. आता ती पलीकडच्या खोलीतून नाही, मागून येत होती.

बाबा दारात उभे होते. एका हातात पाटी, दुसरा चौकटीला धरलेला. ते किती वेळ उभे होते देव जाणे. पडद्यावर फाइलींची यादी, तिच्या गळ्यात हेडफोन, भिंतीवर अष्टमी. लहानपणी लोणच्याच्या बरणीत हात घातलेला पकडला गेला होता तेव्हा ती अशी घाबरली होती. पण तेव्हा बाबा ओरडले होते, आणि ओरडणे ऐकून संपून जाते. आता बाबांना ओरडता येत नव्हते. नुसते बघत होते.

"बाबा, मी तुमचा पाठ बिघडवला," ती म्हणाली, आणि मग थांबता येईना. सगळे सांगितले. अकरा मिनिटे, सात पदे, नाशिकची बारा मुले. न ऐकवताच गंगार्पण केलेल्या फाइली. "मी तुमच्याशी खोटं वागले. मुलांना वाटतं तुम्हीच गाळलंत. यज्ञेशला वाटतं तुमचा वेगळा पाठ आहे. आणि मूळ नाही, बाबा. काही राहिलेलं नाही. तुमचा आवाज होता तेवढा, तो मी..."

बाबांनी स्टूल ओढले आणि बसले. श्वास जोरात चालला होता. पाटीवर लिहिले: लाव.

"आज अष्टमी आहे."

त्यांनी पाटी पंच्याने पुसली, हळूहळू लिहिले, आणि तिच्या तोंडासमोर धरली. मशीनला कसला अनध्याय?

हे रागाने लिहिले की थट्टेने, तिला कळले नाही. तिने हेडफोनची वायर काढली आणि त्रेसष्टावी फाइल लावली. बाबांनी डोळे मिटले. हात उचलला.

आवाज आणि हात बरोबर चालले. वर, खाली, आडवा. मग ती जागा आली. आवाज ओलांडून पुढे गेला, पण हात गेला नाही. हात त्या सात पदांतून रोजच्या चालीने चालत राहिला, आवाज कुठल्या कुठे पुढे पोहोचला तरी. सातवे पद झाल्यावर हात थांबला. बाबांनी डोळे उघडले. ते दचकलेले होते. स्वतःचाच आवाज आपल्याला सोडून गेलेला माणूस जसा बघेल तसे ते मशीनकडे बघत होते. बाबा घाबरू शकतात हे शरदिनीला आजवर माहीत नव्हते.

त्यांनी फाइल मागे न्यायची खूण केली. पुन्हा लावली. पुन्हा ती जागा आली, तेव्हा शरदिनीने कळ दाबून आवाज थांबवला, आणि नकळत, बाबांच्या हाताकडे बघत, ती सात पदे तिने म्हटली.

म्हणून झाल्यावर तिला काय केले ते कळले आणि तिने तोंडावर हात ठेवला. या घरात मुलीला संथा द्यायची पद्धत नव्हती. तिने जे ऐकले ते स्वयंपाकघरातून, तांदूळ निवडता निवडता, शिष्यांच्या पाठीमागून. कुणी शिकवले नाही आणि कुणी कान बंद करायलाही सांगितले नाही.

बाबांचा हात हवेत तसाच होता. मग तो खाली आला आणि चौथ्या पदाच्या जागी पुन्हा वर गेला, नीट, ठसवून. तिचा तिथला स्वर चुकला होता. तिने पुन्हा म्हटले. हात पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा हात न अडता सातव्या पदापर्यंत गेला.

बाबांनी पाटी घेतली. मशीन थंड होऊ दे, मग रेकॉर्ड कर. तोवर दहा वेळा म्हण.

"माझ्या आवाजात? मुलं ऐकतील, बाबा. लोक काय म्हणतील?"

त्यांनी त्याच ओळीतल्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. दहा वेळा.

ती जमिनीवर मांडी घालून त्यांच्यासमोर बसली, जिथे यज्ञेश बसायचा तिथे. एक झाले. दोन झाले. काळ्या पडद्यापुढे वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती. चुकले तर ते आता कुणी आतल्या आत सुधारून घेणार नव्हते, बारा मुलांच्या तोंडात जाणार होते. तिसऱ्यांदा म्हणून झाले आणि ती थांबली.

"चौऱ्याऐंशीतलंही गेलंय, बाबा," ती म्हणाली. "पाच सेकंद. पाठातलं असेल तर तुम्ही सांगाल. पण शेवटी तुम्ही जे बोलला होता ते असेल तर... 'झालं, शरू. बंद कर ते. चहा टाक.' ते ना तुमच्या पाठात आहे, ना कुणाला पाठ आहे. तुमच्या आवाजातलं तेवढंच माझं होतं. मी शेवट लावून बघितलेला नाही. मला भीती वाटते."

बाबांनी हात पुढे करून स्वतःच मशीनचे बटण दाबले. पंखे थांबले. खोलीत फक्त त्यांचा श्वास राहिला. त्यांनी पाटी स्वच्छ पुसली, वळणदार अक्षरात लिहिले आणि तिच्या मांडीवर ठेवली.

झालं, शरू. चहा टाक. मग उरलेले सात.

ती रडली, आणि उठली. आधण ठेवले, आले ठेचले. पलीकडून बाबांची सूं सूं येत होती. चहा उकळेपर्यंत ती सात पदे ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली, एकदाही न थांबता. थांबले तर जातील असे वाटत होते.